सायत्राबाईची कटती

माझं काम नेमकं काय, हे तीस वर्षं गोंदियात काढूनही मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. दवाखान्यात माझ्या खोलीवर 'फिजिओथेरपी' अशी पाटी होती आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मालिशवाली बाई इथंच बसते का?" सुरुवातीला मी चिडायचे. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी ठणकावून सांगितलं की मी मालिश करत नाही. ते म्हणाले, "तं मंग करता काय?" मी म्हटलं, "मी सांगते, आणि करायचं तुम्ही." त्यांनी मग अगदी काळजीनं विचारलं, "अन् याचा पगार भेटते तुम्हाले?" त्या दिवसापासून मी पाटीवरून वाद घालणं सोडून दिलं.

शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे कॅन्सरचेच पेशंट जास्त होते. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी मी एका संस्थेच्या गाडीतून गावोगाव जाते. ऑपरेशन, केमोचे डोस, शेक म्हणजे रेडिएशन, हे सगळं नागपूरला होतं. पण दोन डोसांच्या मधले वीसेक दिवस माणूस आपल्या घरी असतो, आणि ते दिवस माझ्या ताब्यात. पूर्वी अशा माणसाला खाटेवर टाकत आणि 'पडून राहा' म्हणत. आता आम्ही सांगतो, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल आणि ताप नसेल तर रोज थोडं चाला. पडून राहिलं की थकवा वाढतो, अंगातली ताकद जाते. दुसरी गोष्ट वजन. ते घसरता कामा नये आणि फुगताही कामा नये. केमोचा डोस उंची-वजनावरून ठरतो, म्हणून वजनात अचानक फरक पडला की डॉक्टरांचे कान टवकारतात. एवढं साधं आहे सगळं. सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि मग समोरचा माणूस त्याचं काय करेल याचा नेम नाही.

खर्र्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळण्यापायी, तोंडाचा कॅन्सर झालेला एक पेशंट होता. शेक दिल्यावर जबडा आखडतो, म्हणून मी त्याला सांगितलं, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि दर हप्त्याला एक काडी वाढवायची. महिन्यानं बायको भांडायलाच आली. म्हणे, तुमच्यापायी घरात रोज आइस्क्रीम येऊन राहिलं. काड्या कोऱ्या विकत मिळतात हे मी सांगितलंच नव्हतं. त्याचं तोंड मात्र उघडलं, आणि वजनही भरलं.

पण सांगायचं आहे ते सायत्राबाईचं. दवनीवाड्याच्या बाजूचं गाव; नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या लोकांना मला अजून तोंड दाखवायचं आहे. सायत्राबाई पन्नाशीची, विधवा, चार एकर धानाची शेती स्वतः सांभाळणारी. डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन केमोचे दोन डोस झाले होते. घरात मुलगा आणि सून ममता. सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे थोरला भाऊ फागूलाल दोन गल्ल्या सोडून राहायचा. आईबाप गेल्यावर त्यानंच बहिणीचं लग्न लावून दिलेलं.

पहिल्या गुरुवारी मी तिला चालायला सांगितलं. सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बाजूनं, अर्धा तास. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "मॅडम, चालणं जमते, पन उत्तर देणं जमत नाही." झालं होतं असं की आपल्याकडे कामाशिवाय कुणी चालत नाही. जो भेटेल तो विचारायचा, "कुठं चालून राहिली, बाई?" ही म्हणायची, कुठं नाही. कुठं नाही म्हणजे काय? दोघीतिघी घरी येऊन ममताला विचारून गेल्या, कोणी मेलं का म्हणून. शेवटी सायत्राबाईनं उपाय काढला. हातात विळा आणि डोक्यावर रिकामी टोपली घेऊन निघायची. गवताला चालली म्हटलं की कुणी अडवत नसे. फक्त रोज टोपली रिकामीच परत येते हे शेजारणीच्या लक्षात आलं, आणि औषधानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला अशी बातमी पसरली. मी म्हटलं, पसरू दे. चालणं होतंय ना.

आता वजन. माझा नियम असा की दर सोमवारी, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करायचं आणि मला फोनवर सांगायचं. मी ते कार्डावर लिहिते आणि ते कार्ड पेशंटबरोबर नागपूरला जातं. उपकेंद्रातला काटा रिकामा असतानाच चार किलो दाखवायचा. तिथली सिस्टर म्हणाली, "चार वजा करा ना मॅडम, काय होते?" मला राग आला. पेशंटच्या वजनात असली वजाबाकी मी चालू देणार नाही, असं मी तिला चांगलं सुनावलं. त्या वाक्याची आज मला फार लाज वाटते.

मग ममतानं सुचवलं, "मामाजीच्या काट्यावर करू." मामाजी म्हणजे फागूलाल. गावच्या धान खरेदी केंद्रावर तो मापाडी होता, बावीस वर्षं. मोठा इलेक्ट्रॉनिक काटा, दरवर्षी तपासून शिक्का मारलेला. त्याहून चांगलं काय असणार? आणि फागूभाऊच्या सचोटीबद्दल तर पंचक्रोशीत दुमत नव्हतं. ज्यांना धानाचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोतं काट्यावर ठेवलं की येणारा आकडा खरा धरत नाहीत. त्यातून बारदान्याचं, म्हणजे पोत्याचं वजन जातं. धान ओलं असेल तर वाळल्यावर घटणार, म्हणून ओलाव्याचं जातं. माती-कचऱ्याचं जातं. या वजा करण्याला म्हणतात कटती. फागूभाऊ पोत्यात हात घालून ओलावा सांगायचा. आपल्या-परक्याचा भेद करायचा नाही. उलट सख्ख्या सासऱ्याच्या धानावर त्यानं जास्तीची कटती लावली होती, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. सासू तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नागपूरला दुसऱ्या डोसाच्या वेळी सायत्राबाईचं वजन अठ्ठावन्न होतं. पुढच्या सोमवारी फागूभाऊचा फोन आला, "मॅडम, सत्तावन." मी म्हटलं, ठीक, डोसानंतर भूक जाते. त्यापुढच्या सोमवारी, "साडेपंचावन." केमो चालू असताना वजन असं उतरलं तर डोस पुढे ढकलतात, आणि ढकललेला डोस म्हणजे आजाराला दिलेली मोकळीक. मी ममताला फोनवर फैलावर घेतलं. सासूला खाऊ घाला, दूध द्या, अंडी द्या, तूप द्या. आणि चालणं निम्म्यावर आणा. हे शेवटचं मी सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही.

गावाला एवढंच पाहिजे होतं. ज्या बाईला कुणी नुसतं चालू देत नव्हतं, तिला बसून खाऊ घालायला अख्खी गल्ली लोटली. कुणी गावरान कोंबडा आणला. कुणी तुपातले लाडू. सालेकशाकडून कुणी मावसबहीण मोहाचे लाडू घेऊन आली ती चार दिवस राहिली, आणि प्रत्येक लाडू सायत्राबाईच्या तोंडात जाताना स्वतः पाहूनच गेली. तरी तिसऱ्या सोमवारी फागूभाऊ पडलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, चोपन."

दर गुरुवारी मी तिला भेटत होते बरं का. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून मी दोन्ही दंडांना टेप लावून माप घ्यायचे. एक हात दुसऱ्यापेक्षा जाड झाला तर सूज. सायत्राबाईचे दोन्ही हात दर हप्त्याला वाढत होते, पण अगदी सारखे वाढत होते. मी खुशीत लिहायचे, फरक नाही. ती म्हणायची, "मॅडम, झंपर तंग होऊन राहिला." मी म्हणायचे, "ब्लाउज धुऊन आटला असेल." पुढच्या गुरुवारी पुन्हा, "मॅडम, दुसराही तंग होते." मी म्हटलं, "सगळे एकाच कापडाचे असतील." माझ्याकडे काट्याचा आकडा होता. झंपराचं कोण ऐकतं?

तिसऱ्या डोसासाठी बुधवारी ती मुलाबरोबर नागपूरला गेली. दुपारी डॉक्टरांचा मला फोन. माणूस हळू बोलणारा, त्या दिवशी आणखीच हळू बोलत होता. "मॅडम, तुमच्या कार्डावर सोमवारी चोपन्न आहे. माझ्या काट्यावर आज बासष्ट भरलंय. दोन दिवसांत आठ किलो?"

दोन दिवसांत आठ किलो मांस कुणाच्या अंगावर चढत नाही. चढतं ते पाणी, आणि एवढं पाणी साचलं तर हृदयावर ताण आलाय का हे आधी बघावं लागतं. ते म्हणाले, "पायावर सूज दिसत नाही. पण या आकड्यांवर मी डोस देऊ शकत नाही. हृदयाच्या तपासणीची तारीख बारा दिवसांनंतरची मिळते आहे. तुमचाच काटा चुकला असं खात्रीनं सांगता येत असेल तर उद्यापर्यंत सांगा. शुक्रवारी पुन्हा पाहतो." सायत्राबाई डोस न घेता परत आली. ममतानं कळवलं की आल्यापासून एकच विचारते आहे, बारा दिवसांत बिमारी वाढंल तं नाही ना?

गुरुवारी सकाळी मी तिच्या घरी न जाता थेट खरेदी केंद्रावर गेले. ट्रॅक्टरची ही रांग लागलेली. फागूभाऊ काट्यापाशी उभा होता, बारीक, उंच, गळ्यात मफलर. मी म्हटलं, "फागूभाऊ, तुमचा काटा चुकतो आहे." रांगेतली कुजबूज बंद झाली. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा रडतो. त्यानं तपासणीचा शिक्का दाखवला. मग वीस-वीस किलोची दोन मापं काट्यावर ठेवली. चाळीसच्या चाळीस. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

"मग माझं करा," म्हणून मी चढले. आकड्यांची पाटी त्याच्याकडे तोंड करून होती. त्यानं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, "सकाळी का खाल्लं जी?" मी म्हटलं, पोहे आणि चहा. त्यानं माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं, बुटांकडे पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "एकसष्ट."

आता खरं सांगते. दहा वर्षं माझं वजन अडुसष्ट आहे. लोकांना वजनाचे धडे देणाऱ्या बाईचं सात किलो कमी झालं हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी कशाला आले होते हेच विसरले. तशीच घरी निघून गेले असते तर नवल नव्हतं. उतरता उतरता माझी नजर पाटीवर गेली. तिथं लाल आकड्यांत अडुसष्ट होतं.

"फागूभाऊ, सात किलो कुठं गेले?"

"कटती," तो म्हणाला. मी विचारलंच कसं, असा त्याचा सूर होता.

मी तिथंच एका पोत्यावर बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या सोमवारी बहिणीचे दोन किलो वजा, साडी, चपला, चहा-नाश्ता धरून. "ते तं बारदाना झाला ना जी. बारदाना सोडूनच माल तोलते." ठीक. दुसऱ्या सोमवारी आणखी अडीच.

"ते कशाचे?"

"दवाईचं पानी. नागपूरले बाटलीनं चढवते ना? ते तिचं थोडीच आहे? तो ओलावा झाला. पहिल्या हप्त्यात मले सुचलं नव्हतं."

तिसऱ्या सोमवारी थंडी वाढली म्हणून स्वेटर आणि शालीचा एक. झाले साडेपाच. मी बोटं मोजून म्हटलं, "अजून दोन-अडीच किलो राहतात." फागूभाऊनं मान खाली घातली. त्या दिवशी रांग मोडून बहिणीला आधी काट्यावर घेतलं म्हणून हमाल हसले होते. तो म्हणाला, "दोन किलो बहीन आहे म्हणून."

मी तिथूनच नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, त्या माणसालाच बोलू द्या. केंद्रावर आवाज इतका की फोन मोठ्यानं लावावा लागला, आणि मग आवाजच राहिला नाही, कारण हमालांपासून ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत सगळे ऐकायला जमले. फागूभाऊ हात बांधून फोनसमोर उभा राहिला आणि एकेका सोमवारची कटती सांगत गेला. सगळं त्याच्या डोक्यात होतं. डॉक्टर पलीकडून उलट मिळवत गेले. एकोणसाठ, साठ, साडेएकसष्ट.

"म्हणजे दोन दिवसांत अर्धाच किलो वाढलं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ते अडीच किलो कशाचे म्हणालात?"

"ओलाव्याचे, साहेब."

डॉक्टरांनी त्याला समजावलं की बाटलीतलं पाणी अंगात राहत नाही, दिवसभरात लघवीवाटे जातं. फागूभाऊनं विचार करून तोड काढली, "मंग पुढच्या खेपेले एकच लावतो."

"काहीच लावू नका. काट्यावर दिसेल तेच सांगायचं."

"बिना कटतीचं?" फागूभाऊनं विचारलं. "साहेब, बावीस वर्षांत बिना कटतीचं वजन मी कोनाचंच सांगितलं नाही."

तेवढ्यात मागून एक शेतकरी पुढे सरकून फोनमध्ये ओरडला, "साहेब, हे आमच्या धानाचंही सांगून द्या जी याले." केंद्रावर जो हशा उठला तो पुढची दोन पोती तोलून होईपर्यंत थांबला नाही. एकटा फागूभाऊ हसत नव्हता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, माझ्यापायी तिचा डोस थांबला का?" मी हो म्हटलं. खोटं बोलावंसं वाटत होतं, पण हो म्हटलं. त्यानं काटा दुसऱ्याकडे दिला आणि बहिणीच्या घरी निघाला. गेला मात्र दारापर्यंतच. आत जायची त्याची हिंमत झाली नाही, ओट्यावर बसून राहिला.

आत सायत्राबाई भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं, उद्या नागपूरला चला, डॉक्टर तपासतील, आणि सगळं ठीक असेल तर उद्याच डोस. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग मी कटतीची गोष्ट सांगायला लागले. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की तिला नवल वाटत नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच सोमवारी मान वळवून पाहिलं ना मी. पाटीवर एकोनसाठ, अन् दादा सांगते सत्तावन."

मला संताप आला. मी तिला चांगलंच झापलं. तीन आठवडे गप्प बसलात, उपचार तुमचा, जीव तुमचा, हा काय खेळ आहे का? ती शांतपणे ऐकत होती. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाली, "समोर सारं गाव धान घेऊन उभं राहते, मॅडम. बहिनीनंच म्हटलं का हा खोटं सांगते, तं उद्या त्याच्या काट्यावर कोन पोतं ठेवंल? डोस थांबंल हे मले कुठं माहीत होतं? मले वाटलं, तुमच्या ध्यानात येईल. तुम्हाले सांगून तं राहिली होती, झंपराचं. दादाचं नाव न घेता जेवढं सांगता येते तेवढं सांगितलं मी."

तिच्या दंडाला हप्त्यामागून हप्ते टेप लावणारी मी. ती तोंडानं सांगत होती, तिचं अंग सांगत होतं, आणि मी तिला कापड आटल्याचं समजावत होते. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या असतील, पण ही चूक मला आजही टोचते. त्या दिवसापासून मी आकडा विचारायच्या आधी माणसाला विचारते, तुम्हाला काय वाटतं. उत्तर येईपर्यंत थांबते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं असं नाही. मी वाचलं होतं, पास झाले होते.

शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, फुफ्फुसं ऐकली आणि डोस दिला. राहिलेले डोसही वेळेवर झाले, मग शेक झाला. उपचार संपले तेव्हा सायत्राबाईचं वजन चौसष्ट होतं. त्यातले निदान चार किलो तरी माझ्या सल्ल्याचे. ते उतरवायला आम्हाला वर्ष लागलं. लाडू बंद, जेवणात भाताचा डोंगर निम्म्यावर, भाजी दुप्पट, आणि रोज सकाळी चालणं. आता गाव विचारेनासं झालं आहे. उलट दोघीतिघी तिच्याबरोबर निघतात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. नागपूरची तपासणी चांगली आली, डॉक्टर म्हणाले आता सहा महिन्यांनी या. मी फागूभाऊची विचारपूस केली. म्हणाली, त्याला शुगर निघाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं, पण दादा एकटा जात नाही, म्हणून मीच त्याला नहराकडं नेते.

"झेपतं का त्यांना?" मी विचारलं.

"कुठं जी. दोनशे पावलांवर दम लागते. कबूल मात्र करत नाही. थांबू का म्हटलं तं रागावते."

"मग काय करता?"

"काही नाही," सायत्राबाई म्हणाली. "माझ्या चपलेत खडा जाते. रोज चारपाच वेळा जाते."